उन्हात ठेवलेल्या चकत्या

३ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

अकरा वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करतात ते मला ठाऊक नाही, म्हणून शाळेत शिकवलं तशी केली. तुझा पत्ता आईने दिला. मी पाकिटावर उतरवायला घेतला तर तिने पेन ओढून घेतलं. म्हणाली, "तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. पोस्टमन भलतीकडेच नेऊन टाकेल." तेव्हा वरचं अक्षर बघून तू हे आईचं पत्र समजून फोडलं असशील तर माफ कर. फसवायचा हेतू नव्हता. म्हणजे, थोडासा होता.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं. रविवारी मी बाजारात गेले की तू तिला फोन करतोस, तेव्हा तिने सांगितलं असेलच. पट्टी काढल्यावर ती कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसली आणि म्हणाली, "ही पांढरी आहे? मग इतकी वर्षं पिवळी का होती?" आता घरातली एकेक वस्तू उजेडात धरून तपासते. मला म्हणाली, तुझे केस बरेच पिकलेत की गं. म्हटलं, तुझ्या डोळ्यांत काय घातलंय ते परत काढायला सांगते.

माझं काम बरं चाललंय. रंगांची प्रयोगशाळा आता माझ्याकडे आहे. चार वर्षं एकाच गोष्टीमागे होते: शिशाशिवाय पिवळा. जुना पिवळा किती देखणा होता ते तुला सांगायला नको. पण शिसं आणि क्रोमियमवाला तो रंग आता प्लास्टिकमध्ये कोणालाच नकोय, आणि बरोबरच आहे. सेंद्रिय पिवळे उन्हात महिन्याभरात विटतात. तेव्हा मातीच्याच जातीचं, भट्टीतून काढलेलं, पण पोटात गेलं तरी नडणार नाही असं काहीतरी हवं होतं. शेवटी बिस्मथवर आले. मूलद्रव्यांच्या तक्त्यात शिशाच्या अगदी भिंतीला भिंत लागून घर, पण स्वभावाने गरीब. अडचण एकच. प्लास्टिक वितळवताना अडीचशे अंशांच्या वर तापलं की हा पिवळा करपल्यासारखा व्हायचा. मग प्रत्येक कणाला काचेच्या जातीचं पातळ कवच चढवायचं ठरवलं. चाळीस वेळा तोंडघशी पडले. एक्केचाळिसाव्या वेळी मशीनवरच्या मावशींनी साचा उघडला, चकती हातात घेतली आणि म्हणाल्या, "बाई, हा तर नुकताच उमललाय!" तळहाताएवढी चपटी चकती, नमुन्याची. मी ती घरी आणून आईला दाखवली.

पहिली मागणी शाळेच्या मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांची आणि डब्यांची आहे. साहेब खूष आहेत. तेच साहेब, हो. अजून आहेत.

एक लहानशी कटकट आहे, तुझं मत हवं होतं. उन्हात रंग टिकतो का ते बघायला आम्ही चकत्या दक्षिणेच्या खिडकीत मांडतो. गेल्या काही दिवसांत काही चकत्या उन्हात मळकट पडतात आणि अंधाऱ्या खणात ठेवल्या की रात्रीतून पुन्हा उजळतात. हा बिस्मथच्या पिवळ्याचा मुळातला दोषच आहे, पण कवच चढवल्यावर तो गेला होता. आणि मळकट पडतानाही सबंध पडत नाहीत. मधला एक भाग उजळच राहतो. कोणी त्यावर काहीतरी झाकून ठेवल्यासारखा. मनगटावर घड्याळ असलं की खालची कातडी गोरी राहते, तसा.

खोली जेवणाच्या सुट्टीत बंद असते. किल्ली माझ्याकडे असते.

भट्टीतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. काही सुचलं तर कळव.

तुझी,
बारकी


२९ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं मीही धरलं नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की आई माझ्याकडे बघते आणि मी पायातल्या चपलांकडे.

त्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. चकतीवर "काहीतरी झाकल्यासारखं" असं लिहिलं. ते पंजासारखं आहे, दादा. पंजाच आहे. चकती तळहाताएवढी, त्यामुळे बोटांची टोकं बाहेर जातात, म्हणून पहिल्यांदा लक्षात आलं नाही. मग मी मावशींकडून त्याच रंगाची मोठी पट्टी काढून घेतली, वहीच्या पानाएवढी, आणि खिडकीत ठेवली. सकाळी दहाला ठेवली. दाराला कुलूप लावलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. येणारे-जाणारे विचारत होते, बाई, आत कोंबडी अंड्यावर बसवली आहे का? मी हसत होते. एक वाजता दार उघडलं.

सगळी पट्टी मळकट, आणि मधोमध स्वच्छ पिवळा पंजा. डावा. करंगळीशेजारचं बोट अर्धंच.

मी पट्टी खणात टाकली, खण लावला आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मावशी पाणी घेऊन आल्या. येताना खण ओढून पट्टी बघून आल्या होत्या. नंतर मशीन पुसता पुसता एवढंच म्हणाल्या, "मी नवीन आहे हो इथे. पण चक्कीवर कोणी होतं का, ज्याचं बोट गेलं होतं? जुनी माणसं सांगतात."

होतं, म्हटलं.

आपण त्यांना दळणकाका म्हणायचो. नाव तूच ठेवलं होतंस. दोन नंबरच्या चक्कीवर सगळा दिवस पिवळं दळायचे, म्हणून. बोट चक्कीच्या पट्ट्यात गेलं त्या दिवशीही संध्याकाळपर्यंत काम करून गेले होते. मी नवीन लागले तेव्हा तराजू कसा पुसायचा ते त्यांनी मला शिकवलं. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पिवळी पूड. म्हणायचे, "आमच्याकडे हळद लावायला मुहूर्त लागत नाही." आणि मग पोटात कळा यायला लागल्या, आणि मग हात.

मी भित्री नाही, हे तुला माहीत आहे. मी कारण शोधतेय. कणाचं कवच कुठेतरी कच्चं राहतंय, म्हणून ऊन लागतंय, हे कळतं. उजळ भागावर ऊन पोचत नाही, म्हणून तो उजळ राहतो, हेही कळतं. पण ते का पोचत नाही? काचेवर काही नाही. मी काच चार वेळा पुसली. बाहेरून शिडी लावून पुसून घेतली.

परवा मी पट्टीसमोरच बसले होते. डोळ्यांदेखत रंग उतरताना दिसत नाही, घड्याळाचा लहान काटा दिसत नाही तसा. पण तासाभराने तो तिथे होता. मी माझा हात मध्ये धरला, सावली पाडायला. माझी सावली पट्टीवर पडली, आणि हाताला गार लागलं. कडक उन्हात.

वहीबद्दलही लिहायचं होतं. कुठली वही ते तुला कळेल. आज होत नाही.

बारकी


२४ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनंतर एक ओळ: "कुठल्या चक्कीत दळलं ते बघ." खाली नावही नाही. आईने ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "चक्की? ह्याचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, ह्याचंच आहे. आपलंच नव्हतं.

माझ्या कागदांवर सगळा माल नव्या चक्कीतला होता. मी चक्कीखात्यात जाऊन पाळीची पाटी वाचली. मागणी मोठी, नवी चक्की पुरेना, म्हणून फेब्रुवारीपासून दोन नंबर चालू केली होती. मला न सांगता. मी चकत्यांचे क्रमांक लावून पाहिले. नव्या चक्कीतल्या चकत्या उन्हात महिनाभर ठेवा, जशाच्या तशा. पंजा येतो तो फक्त दोन नंबरमधून आलेल्या मालावर.

साहेबांकडे गेले.

"साहेब, दोन नंबर कधी सुरू केलीत?"

"अहो, आतून नवं अस्तर लावलंय. बाहेरून रंगही दिलाय."

"कुठला?"

"हिरवा. पर्यावरण!" आणि स्वतःच हसले.

मी चक्की बंद करवून झाकण उघडायला लावलं. अस्तर नवं होतंच. पण ते जुन्या पत्र्यावर तसंच चढवलेलं, आणि जोडांच्या फटींत, बोल्टांच्या खाली जुना पिवळा थापून बसलेला, दगडासारखा. सुऱ्याने खरवडला तर खाली अजून निघाला. नव्या मालातलं शिसं मोजलं. मर्यादेच्या एकोणीस पट. तीच घाण कवच नीट धरू देत नव्हती. म्हणून ऊन लागत होतं. मळण्याचं कारण सापडलं, दादा. पंजाचं नाही.

अहवाल घेऊन परत गेले. साहेबांनी वाचला, घडी केली, चष्मा काढून पुसला.

"बाटल्यांचा माल अर्धा तयार आहे. आकडा जरा बघा पुन्हा."

"तीन वेळा बघितला."

"चौथ्यांदा बघा. सही तुमचीच लागणार आहे." मग अगदी मायेने म्हणाले, "आणि तुम्हाला त्यात नवीन काय आहे?"

आता लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी मला ते माझ्या हाताने लिहायचंय.

चक्कीच्या खोलीतली धूळ मोजायला मी दर सोमवारी गाळणकागद लावायची. दिवसभराने काढायची, तोलायची, वहीत आकडा लिहायची. पहिला आकडा लिहिला त्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, दशांशचिन्ह चुकलंय बहुतेक. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, पुन्हा बघा. नोकरीला दोन महिने झाले होते. मी पुन्हा बघितलं, आणि चिन्ह एक घर डावीकडे सरकवलं. चौदा महिने. दर सोमवारी. दळणकाका कागद काढायला मला स्टूल धरायचे, आणि विचारायचे, "काय म्हणते हवा?" मी म्हणायची, ठीक आहे, काका.

खाली पाळीप्रमुख म्हणून तू सही करायचास. बहिणीचा आकडा कोण तपासतो?

काका गेले आणि चौकशी लागली. वहीतलं अक्षर माझं होतं. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मीच सांगितलं तिला. ती नवीन होती, मी सांगेन तसं लिहीत होती." हे बोलण्याआधी तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मी खाली टेबलाकडे बघत राहिले. टेबलावर एक काचेची दौत होती, तिच्या बुडाशी शाई वाळून निळी कड धरली होती. अजून दिसते. तुला कामावरून काढलं. बाबांनी तुझं नाव टाकलं आणि शेवटपर्यंत घेतलं नाही. शेवटच्या आठवड्यात मला दोनदा विचारलं होतं, "त्याने खरंच तसं केलं असेल का गं?" मी त्यांचं पांघरूण नीट केलं.

एवढं केलं मी. आणि मग बढती घेतली.

साहेबांच्या खोलीतून निघाले ती थेट दळणकाकूंकडे गेले. काळ्या कागदात गुंडाळलेली मोठी पट्टी बरोबर होती. काकू अजून त्याच दोन खोल्यांत राहतात, खिडकीशी शिलाई मशीन घेऊन बसतात. मला ओळखलं. चहा टाकला. मी पट्टी काढली. अंधारात राहिल्यामुळे कोरी झाली होती. म्हटलं, "काकू, ही जरा उन्हात ठेवू?" त्यांनी कापडाचे तुकडे बाजूला सारले आणि खिडकीत जागा केली.

त्या एका परकराला नेफा शिवत होत्या. मी त्यांना रंगाविषयी सांगत बसले, भट्टी, कवच, काहीही. तासाभराने त्यांचं मशीन थांबलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"डावा आहे," त्या म्हणाल्या.

त्या घाबरल्या नाहीत. उठल्या, जवळ गेल्या, पण हात लावला नाही. "शेवटी शेवटी मनगट उचलायचंच नाही त्यांचं. पंजा नुसता लोंबायचा, ओल्या फडक्यासारखा. घास मी भरवायची." बराच वेळ बघून म्हणाल्या, "आता कसा सरळ पडलाय."

तेव्हा मी सांगितलं. सोमवार, कागद, दशांशचिन्ह, स्टूल. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "खरा आकडा लिहिला असतास तर हे जगले असते?"

"चौदा महिने आधी चक्की बंद झाली असती. कदाचित..."

"कदाचित नको. इतकी चालत आलीस तर नीट सांग."

"जगले असते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, परत मशीनवर बसल्या आणि राहिलेली शिवण पुरी केली. मी कपबशी विसळून ठेवली. निघताना पट्टी उचलायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे ती."

"काकू, तिच्यात शिसं आहे."

"माहीत आहे. चाटणार नाहीये मी."

दुसऱ्या दिवशी मी तपासणी कार्यालयात गेले. दोन नंबरचा अहवाल दिला आणि त्याच्याबरोबर जुन्या वहीबद्दलचा माझा जबाब. तिथल्या बाईंनी विचारलं, ह्या दुसऱ्या कागदाचा पहिल्याशी काय संबंध? मी म्हटलं, चक्की एकच आहे. बाटल्या गोदामातून निघाल्या नव्हत्या, त्या सगळ्या सील केल्या. चक्कीलाही सील लागलंय. मला घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. नव्या चक्कीतला पिवळा निर्दोष आहे, दादा. तो पुढे जाईल, मी असेन किंवा नसेन. हे मला तुला सांगायचं होतं, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर बढाई वाटेल.

काकूंकडे परवा पुन्हा गेले. पट्टी शिसं असलेल्या मालाबरोबर जमा करायला हवी, असं सांगायला. त्या म्हणाल्या, "सुनावणी होऊन जाऊ दे, मग ने." मशीन त्यांनी खिडकीच्या अजून जवळ सरकवलंय. "अकराच्या सुमाराला येतात," म्हणाल्या, "आणि चारला ऊन सरकलं की जातात. पूर्वी उलटं होतं, ह्या वेळात कधी घरी नसायचे." आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. मी तिथे उभी होते, आणि काय सांगू तुला, त्या खोलीत पूड दळताना यायचा तसा बारीक खरखर आवाज होता. मशीन तर बंद होतं.

आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सोलणं थांबवलं नाही. सगळं संपल्यावर विचारलं, "त्याला माहीत आहे हे?"

"त्यालाच तर माहीत होतं."

मग ती म्हणाली, "जरा बाहेर जा." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पुढ्यात कागद आणि पेन आणून ठेवलं. पाकिटावर पत्ता मात्र लिहिला नाही. म्हणाली, "ह्या वेळी तुझ्याच अक्षरात जाऊ दे."

सुनावणी बारा मेला, सकाळी अकराला आहे. जुनी फाईल उघडणार आहेत. तुला नोटीस येईल. तिच्यात तुझं नाव साक्षीदार म्हणून आहे, आणखी कशासाठीही नाही. मी स्वतः वाचून खात्री केली. तू आलास किंवा नाही आलास, मी तेच बोलणार आहे, तेव्हा माझ्यासाठी येऊ नकोस. बाबांच्या बाजूची तुझी खुर्ची रिकामी ठेवून आई अकरा वर्षं जेवायला बसते आहे, तिच्यासाठी ये.

आलास तर मी बोलत असताना माझ्याकडे बघ. ह्या वेळी मी खाली बघणार नाही.

जिथे तू उभा राहिलास तिथे जिने उभं राहायचं होतं, ती
बारकी